फोन बदलण्याआधी व्हिडिओ बदला

ज्यांचा हा भाग लोकलच्या गोंगाटात अर्धा निसटला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाचे "अं... म्हणजे..." काढलेत, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय एका शिक्षिकेच्या मेसेजवरून सुचला. त्या दहावीला गणित शिकवतात. नव्या फोनवर ४० मिनिटांचा तास रेकॉर्ड करून मुलांना फाइल देतात. काही मुलांच्या फोनवर व्हिडिओ मस्त चालतो. काहींच्या फोनवर अडकत अडकत चालतो. आणि दोघातिघांच्या फोनवर नुसता आवाज येतो, पडदा काळा. एका पालकांनी विचारलं, "बाई, नवीन फोन घ्यावा लागेल का?"

माझं उत्तर: नाही. त्या फोनला परवडेल असा व्हिडिओ बनवणं हे आपलं काम आहे. कसं, ते बघू.

आधी थोडा हिशोब. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला सरासरी दीड बाइट धरला तर एका फ्रेमला साधारण ३.१ एमबी लागतात. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ९३ एमबी. ४० मिनिटांचा तास असाच साठवला तर जवळपास २२४ जीबी! म्हणून व्हिडिओ दाबून, आवळून ठेवावा लागतो. या आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच २६४ हा २००३ चा, एचईव्हीसी म्हणजेच एच २६५ हा २०१३ चा, आणि एव्ही१ हा २०१८ चा.

आता इथे बरेच जण गोंधळतात. एमपी४ हा कोडेक नाही, तो नुसता डबा आहे. डब्यात भाजी कुठली आहे ते झाकणावरून कळत नाही. त्यामुळे फाइलचं नाव एमकेव्हीचं एमपी४ केलं तरी आत काहीच बदलत नाही.

आवळलेला व्हिडिओ उलगडायचं काम कोण करतं? फोनच्या चिपमध्ये त्यासाठी एक वेगळा भाग असतो, हार्डवेअर डिकोडर. तो ठरावीक कोडेकच ओळखतो, पण ते काम कमी बॅटरीत आणि झपाट्याने करतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेमला फक्त ३३ मिलिसेकंद मिळतात. डिकोडरला तो प्रकार ओळखता आला नाही, तर काम मुख्य प्रोसेसरवर येतं. स्वस्त प्रोसेसरला ३३ मिलिसेकंदांत ते जमत नाही, फ्रेम गळतात, फोन तापतो, आणि तापला की तो स्वतःच वेग आणखी कमी करतो. काही प्लेअर तर हा प्रयत्नच करत नाहीत. आवाजाचा कोडेक वेगळा आणि सोपा असतो, म्हणून आवाज येतो आणि चित्र येत नाही.

मग बाईंच्या नव्या फोनने काय केलं असेल? आजचे बरेच फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात. आयफोनमध्ये हे २०१७ च्या आयओएस ११ पासून आलं. त्यात एचडीआर चालू असेल तर रंग ८ ऐवजी १० बिटमध्ये साठवले जातात, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. दिसायला सुंदर, पण अनेक जुन्या चिप ८ बिटचा एचईव्हीसी उलगडतात आणि १० बिटला हात टेकतात. एकच कोडेक असूनही एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर नाही, तो यामुळे.

"पण यूट्यूबवर तर सगळ्यांना सगळं दिसतं!" बरोबर. कारण यूट्यूब तुमच्या एका व्हिडिओच्या अनेक प्रती बनवतं, वेगवेगळ्या कोडेकमध्ये, वेगवेगळ्या आकारात, आणि ज्या फोनला जी झेपेल ती देतं. आपण एकच फाइल वाटतो, म्हणून ती सगळ्यात साध्या फोनला झेपेल अशीच हवी.

आता कृती. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या.

१. "फास्ट ७२०पी३०" हा प्रीसेट निवडा. तो एच २६४, ८ बिट देतो. हा कोडेक आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनचा डिकोडर ओळखतो. बऱ्याच स्वस्त फोनची स्क्रीनच ७२० पिक्सेल रुंद असते, मग १०८० कोणासाठी पाठवायचं?

२. फ्रेम रेट "कॉन्स्टंट" करा. फोनचा कॅमेरा उजेड बघून फ्रेम कमीजास्त करतो, त्यामुळे पुढे एडिट करताना आवाज आणि ओठ यांची फारकत होऊ शकते.

३. क्वालिटीची आरएफ पट्टी २२ ते २४ ठेवा. आकडा वाढला की फाइल लहान होते आणि दर्जा उतरतो. फळ्यावरची अक्षरं पुसट दिसली तर आकडा कमी करा.

४. "वेब ऑप्टिमाइझ्ड" वर टिक करा. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. ती शेवटी असेल तर लिंकवरून बघताना व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागू शकतो. या टिकने ती पुढे येते.

५. कीफ्रेम दर दोन सेकंदांनी ठेवा, म्हणजे जास्तीच्या पर्यायांच्या चौकटीत कीइंट ६०. कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र. मधल्या फ्रेम फक्त फरक सांगतात. मुलगा गणिताची पायरी पुन्हा बघायला मागे गेला, की फोन आधीच्या कीफ्रेमपासून उलगडत येतो. कीफ्रेम दहा सेकंद मागे असेल तर तिथे चित्र अडकणारच. फाइल थोडी वाढेल, पण शिकवण्याच्या व्हिडिओला हे हवंच.

आणि रेकॉर्ड करतानाच एचडीआर बंद ठेवा. नंतर ८ बिट करताना रंग फिके पडायची भीती राहत नाही.

यात पैशांचाही प्रश्न आहे. आयफोनवर फुल एचडीचा एक मिनिट साधारण ६० एमबी घेतो. ४० मिनिटांचे झाले २.४ जीबी. ज्या मुलाचा पॅक दिवसाला दीड जीबीचा आहे, त्याला एक तास बघायला दोन दिवस लागतील! तोच तास ७२० मध्ये, सरासरी दीड एमबीपीएसने, ४५० एमबीत बसतो. वर आवाजाचे चाळीसेक एमबी धरा. स्थिर फळा असेल तर याहूनही कमी, कारण चित्रात हालचालच नसते.

शेवटी एक चाचणी. फाइल घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर टाका, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि व्हिडिओ लावा. तरीही अडकला तर दोष एन्कोडिंगचा. नीट चालला, पण लिंकवरून अडकतो, तर दोष नेटवर्कचा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते पुन्हा आवळतं, आणि फळ्यावरचे वर्ग-घन पहिले जातात.

एन्कोड करायला आपला एकदा अर्धा-पाऊण तास जातो. तो वाचवला तर वर्गातल्या प्रत्येक मुलाची बॅटरी, डेटा आणि वेळ जातो. पुढच्या भागात आवाजाबद्दल बोलू: फक्त मोबाइल हाताशी असताना तो स्वच्छ कसा रेकॉर्ड करायचा. तोवर काही अडलं तर मेसेज टाका. भेटू!