पंचाचे मानधन आणि प्राप्तिकर

डिचोली तालुक्यातील सर्वण गावच्या एखाद्या शिक्षकाची कल्पना करावी. सकाळी तो शाळेत गणित शिकवितो आणि सायंकाळी शिटी घेऊन फुटबॉलच्या मैदानात उतरतो. वर्षाकाठी त्याला पंचगिरीचे ४०,००० रुपये मिळतात. ते मानधन आहे, पगार नव्हे. मग त्यावर कर कसला, असे त्याला वाटते. हा समज चुकीचा आहे.

ऑगस्ट २००८ च्या अधिसूचनेने क्रीडापंचांचे काम करकपातीपुरते व्यावसायिक सेवेत गणले गेले. एकाच संस्थेने वर्षभरात दिलेले मानधन ५०,००० रुपयांच्या वर गेले, तर ती शेकडा १० प्रमाणे कर आधीच कापून घेते. एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. परंतु कर कापला गेला नाही, म्हणजे तो माफ झाला, असे नव्हे. मानधन विवरणपत्रात दाखविलेच पाहिजे. प्रवास, गणवेश, शिटी असा केवळ याच कामासाठी झालेला खर्च मात्र वजा करता येतो. त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्यात.

येथवरचा नियम साऱ्या देशाचा झाला. गोव्यात त्याला एक निराळी बाजू आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. म्हणून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ ने अशा दांपत्याचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटले. हे कलम १९९४ साली आले, पण त्याचा अंमल १ एप्रिल १९६३ पासून, म्हणजे गोव्यात प्राप्तिकर लागू झाला तेव्हापासून, धरला गेला. २०२५ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. यातून पगार तेवढा वगळला आहे. तो ज्याचा त्याच्याच नावे राहतो.

आता आपल्या शिक्षकाचा हिशेब पाहू. ४०,००० मधून ८,००० खर्च वजा जाता ३२,००० उरले. त्यांतील १६,००० त्याचे आणि १६,००० त्याच्या पत्नीचे. विवरणपत्रात या वाटणीसाठी स्वतंत्र परिशिष्ट असते. कर कापला गेला असल्यास त्याचे श्रेयही त्याच प्रमाणात विभागावे लागते. सारी रक्कम पतीने आपल्याच नावे दाखविली, तर हिशेब चुकतो आणि पत्नीचा कायदेशीर वाटाही कागदावरून पुसला जातो.

तेव्हा सामना संपला, की तारीख, रक्कम आणि खर्च वहीत टिपून ठेवावा आणि वर्षअखेरीस ती वही दोघांनी मिळून पाहावी.