बारा वर्षं राहिला म्हणून घर भाडेकरूचं होत नाही

तालुक्याच्या गावी बदली झाली की पहिला घोर घराचा. पाच-सहा हजारांत दोन खोल्या हव्या असतात, आणि कुलूपबंद घरं तर गल्लोगल्ली दिसतात. 2011च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी आढळली होती. मालकाला विचारलं तर बहुतेकदा उत्तर ठरलेलं : "बारा वर्षं राहिला की घर त्याचंच होतं!"

हे साफ चूक आहे. बारा वर्षांची मुदत मालकाचा हक्क झुगारून घेतलेल्या ताब्यासाठी आहे. भाडेकरू परवानगीने राहतो, भाडं देतो, म्हणजे मालकी मान्यच करतो. वीस वर्षं राहिला, तरी नुसत्या राहण्याने तो मालक होत नाही. उलट लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 24नुसार त्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

दुसरा समज मालकालाच नडतो : अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते. 1908च्या नोंदणी कायद्यातली वर्षाखालच्या भाडेपट्ट्यांची सूट डोक्यात बसल्यामुळे हे चालत आलं आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकावर येतं.

खर्चाची भीतीही फुकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामतीवरचं दहा टक्के व्याज धरायचं. पाच हजार भाडं आणि वीस हजार अनामत असेल, तर अकरा महिन्यांचं शुल्क दोनशेच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात 500, शहरी हद्दीत 1000 रुपये.

अनामत दोनच महिन्यांची, हा नियम केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडे कायद्यातला आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तेव्हा घासाघीस कराच.

आणि भाडं कमी म्हणजे घर स्वस्त, असंही नाही. चिपळुणात 22 जुलै 2021च्या पुराने तळमजल्यावरचे संसार वाहून नेले. पाणी कुठवर चढलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारूनच खोली घ्या.

कुलूप दिसलं की शेजारी मालकाचा नंबर मागा, आणि पहिल्याच फोनवर सांगा : करार नोंदवू, खर्च मी देतो.