दोन अपुऱ्यांतून एक पूर्ण?

समजा, ७०० मेगाबाइटची एकच फाइल शाळेतील दोन संगणकांवर उतरवून घेताना वीज गेली. एकावर ६० टक्के भाग आला आहे, दुसऱ्यावर ५० टक्के. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया. बेरीज तर ११० टक्के होते. मग दोन्ही जोडून फाइल पूर्ण होईल का?

भाग क्रमाने आले असतील तर नाही. दुसऱ्यातले सारे पहिल्यात आहेच. यदृच्छेने आले असतील, तर दोन्हींकडे नसलेला अंश ०.४ × ०.५ = ०.२. म्हणजे सुमारे ८० टक्के फाइल जुळते.

पण आलेला भाग ओळखायचा कसा? ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंट पद्धतीत फाइलचे समान तुकडे करतात. तुकडा २५६ किलोबाइटचा धरला, तर असे २८०० तुकडे होतात. मूळ पद्धतीत प्रत्येक तुकड्याचा गणिताने २० बाइटांचा ठसा काढतात. सारे ठसे अवघ्या ५६,००० बाइटांत मावतात. तुकड्यातील एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून जोडताना ज्या प्रतीतील तुकड्याचा ठसा जुळेल, तो घ्यायचा. दोन्हींकडचा जुळला नाही, तर तेवढाच तुकडा पुन्हा मागवायचा.

वर्गात करून पाहा: १ ते २० अंकांपैकी एका विद्यार्थ्याने चिठ्ठ्या टाकून १२ निवडावेत, दुसऱ्याने १०. दोघांचे मिळून वेगळे अंक किती? अनेक वेळा करून सरासरी काढल्यास ती १६ च्या आसपास येईल.