खीळ हरवली की कामाला खीळ!

घरी छोटा ट्रॅक्टर आहे? मग त्याच्या मागच्या पिना आणि बोल्ट तुम्हाला ओळखता यायलाच हवेत. त्यातली एखादी पडली तर कधी दिवस वाया जातो, कधी गिअरबॉक्स, आणि कधी थेट जिवावर बेततं.

सुट्टी लागली. बॅग भरून तुम्ही गावाकडे निघालात. एसटी स्टँडवर पोचता पोचता घरून फोन येतो, ‘येताना ट्रॅक्टरची पिन घेऊन ये रे.’ तुम्ही दुकानात जाता, सांगता, ‘एक पिन द्या.’ दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘कुठली? टॉप लिंकची, खालच्या आर्मची, ट्रॉलीची की लॉकची? किती एमएम?’

आता बोला!

मोबाइलची रॅम किती, बाइकचं ॲव्हरेज किती हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण ज्या ट्रॅक्टरच्या जिवावर घरची बाग उभी आहे, त्याच्या मागे काय लावलंय हे विचारलं की आपण पप्पांना फोन लावतो. आणि पप्पा तिकडे चिखलात उभे असतात. पाऊस उघडून वाफसा आलेला, रोटाव्हेटर मारायला जेमतेम दोन दिवस हातात, आणि बोटाएवढ्या लोखंडाच्या तुकड्यासाठी सगळं अडलेलं. ‘कामाला खीळ बसणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत वहीत लिहिला. इथे उलटं आहे. खीळ निघाली की काम बसतं!

*पडतातच कशा?*

द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागेत दोन ओळींमधून जाणारा तो पिटुकला ट्रॅक्टर आठवा. पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा. सकाळी त्याला फवारणीचा ब्लोअर, दुपारी रोटाव्हेटर, संध्याकाळी ट्रॉली. प्रत्येक वेळी अवजार बदललं की पिना काढायच्या, पुन्हा घालायच्या. त्या दोन मिनिटांत पिन कुठे ठेवली जाते? मडगार्डवर. नाहीतर जमिनीवर. ट्रॅक्टर सुरू झाला की मडगार्डवरची पिन थरथरत गवतात जाते. जमिनीवरची तर चाकाखाली मातीत रुतते.

दुसरं कारण हादरे. डिझेल इंजिन, त्यातून ढेकळांची जमीन. नट-बोल्टची पकड टिकते ती आवळल्यामुळे तयार झालेल्या ताणावर. सतत हादरे बसले की आटे केसभर केसभर सरकतात, ताण जातो आणि मग नट हातानंही फिरतो. तो पडला हे कळतं ते दुसऱ्या दिवशी, खडखड आवाज यायला लागल्यावर.

तिसरं कारण आपण स्वतः. स्प्लिट पिन, म्हणजे दोन पाय फाकवून बसवायची ती पिन, एकदाच वापरायची असते. आपण ती काढतो, सरळ करतो, पुन्हा घालतो. वाकवून सरळ केलेली तार कधी ना कधी तुटतेच. नायलॉनची रिंग असलेल्या नटचंही तसंच. दोन-चारदा काढला-घातला की त्याची पकड ढिली होते.

*छोटी पिन, मोठी जबाबदारी*

ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून बघा. खाली दोन आर्म, वर मधोमध एक टॉप लिंक. तीन ठिकाणी अवजार पकडलेलं असतं. ही तीन टोकांची रचना जगभर पोचवली हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं. १९३९ मध्ये हेन्री फोर्डच्या साथीनं बाजारात आलेल्या ट्रॅक्टरवर ती गाजली आणि आज तुमच्या दारातल्या ट्रॅक्टरवरही तीच आहे.

हे सगळं कशासाठी केलं? आधीच्या काळात नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जायचा. फाळ दगडाला अडकला की चाकं पुढे जायला बघायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटायचा. टॉप लिंकनं हा धोका कमी केला. म्हणून टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून ओंडका किंवा रुतलेली गाडी ओढायची नसते. तिथून ओढलं की ट्रॅक्टर पुन्हा मागेच उलटायला बघतो.

आता त्याच टॉप लिंकची पिन हरवली आणि आपण तिथे जुना खिळा घातला तर? खिळा मऊ लोखंडाचा, सैल बसणारा, पुन्हा लॉक नाही. अवजार उचललेलं असताना तो वाकला किंवा सटकला, तर रोटाव्हेटरचं मागचं टोक धाडकन खाली आदळतं. मागे कुणी उभं असेल तर?

आणि मोठ्या पिनेला जागेवर ठेवते ती छोटी, कडीवाली लॉक पिन. सगळ्यात जास्त हरवते तीच. दशरथाच्या रथाची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. ऐन लढाईत चाकाची खीळ निसटली आणि कैकेयीनं तिथे आपला हात घातला. त्या एका खिळीचं पुढे काय रामायण झालं ते माहीतच आहे! आपल्या ट्रॅक्टरला मात्र हात घालायची वेळ येऊ देऊ नका. लॉक पिन चहा-वड्याच्या पैशात मिळते.

*मुद्दाम तुटणारा बोल्ट*

आता गंमत बघा. एक बोल्ट असा आहे, जो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो.

अनेक रोटाव्हेटरच्या जॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरकडून फिरणारी ताकद अवजाराला देणाऱ्या पीटीओ शाफ्टवर, एक शिअर बोल्ट असतो. पात्यात दगड किंवा मूळ अडकलं की तो तुटतो. शाफ्ट मोकळा फिरतो, गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखाच प्रकार. हा बोल्ट सारखा तुटायला लागला की कुणीतरी म्हणतं, ‘एकदाच चांगला दणकट बोल्ट टाका, कटकट मिटेल.’ फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यावर जे होतं, तेच इथे होतं. पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. थोडक्यात काय, दणकट बोल्ट म्हणजे योग्य बोल्ट असं नाही.

हे ओळखायचं कसं? बोल्टच्या डोक्यावर बघा. तिथे ४.६, ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला तो किमान किती न्यूटन ताण सोसतो. म्हणजे ४.६ चा बोल्ट ४०० न्यूटन आणि ८.८ चा ८००, सरळ दुप्पट. दुसरा आकडा सांगतो, त्यातल्या किती भागापर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. ८.८ मध्ये ८० टक्के, ४.६ मध्ये ६० टक्के. अकरावीच्या फिजिक्समधला स्ट्रेस-स्ट्रेन आठवला? तो इथे बोल्टच्या डोक्यावर बसलाय!

तर नियम सोपा. जुन्या बोल्टवर जो आकडा, तोच नव्यावर. शिअर बोल्ट असेल तर अवजाराच्या पुस्तिकेत दिलाय तोच. आणि बोल्ट वारंवार तुटत असेल, तर दोष बोल्टचा नाही. पाती वाकलीत का, शाफ्ट जास्त कोनात चालतोय का, रानात दगड किती आहेत, ते बघा.

*जिवावर बेततं ते इथे*

पीटीओ साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला ९. ‘अरे’ म्हणेपर्यंत नऊ वेढे! त्या शाफ्टवरचं कव्हर दुरुस्तीसाठी काढलं जातं, गोठ्यात टाकलं जातं आणि पुन्हा कधीच बसत नाही. त्यात शाफ्टची पिन हरवली म्हणून लांबलचक बोल्ट घातलेला असतो, ज्याचं टोक इंचभर बाहेर आलेलं असतं. ते टोक फिरताना डोळ्याला दिसतही नाही. पण ओढणी, साडीचा पदर, मफलर, सैल बाही त्यात बरोब्बर अडकते. एकदा अडकली की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून शाफ्टवर बाहेर डोकावणारा बोल्ट दिसला तर लगेच बोला. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं उत्तर मिळेल. तरी बोला. जमलं तर योग्य पिन आणि कव्हर स्वतः आणून बसवा. हात लावण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढून खिशात ठेवायची. हायड्रोलिकवर उचललेल्या अवजाराखाली कधीच शिरायचं नाही.

*हरवली, आता शोधायची कशी?*

बिघडलेल्या लाउडस्पीकरमधलं लोहचुंबक घ्या, दोरीला बांधा आणि जिथे अवजार शेवटचं बदललं तिथून ट्रॅक्टरच्या वाटेवर ओढत चला. मातीच्या वरच्या थरातलं लोखंड चिकटून येतं. पितळ, ॲल्युमिनियम मात्र चिकटणार नाही.

‘जाऊ दे, नवीन घेऊ’ असं वाटेल. पण रानात पडलेलं लोखंड फक्त तुमचं नुकसान करून थांबत नाही. तारेचे तुकडे, खिळे, तुटक्या स्प्लिट पिना कडब्यातून कुट्टीत आणि कुट्टीतून गाईच्या पोटात जातात. गाय चारा निवडून खात नाही, भराभर गिळते. टोकदार लोखंड जाळीपोटात अडकतं. तिथून हृदय जवळच असतं. पोटाची भिंत भोसकून ते हृदयाच्या आवरणापर्यंत पोचलं की जनावर दगावू शकतं. म्हणून पशुवैद्य कधी कधी गाईला चक्क लोहचुंबक गिळायला देतात. ते जाळीपोटात बसतं आणि लोखंड धरून ठेवतं. तेव्हा पिनेच्या जागी बांधलेली तार तुटून पडली, तर ती उचलून डब्यात टाका.

*दुकानात जाण्याआधी*

जुनी पिन असेल तर ती घेऊन जा. हरवली असेल तर दुसऱ्या बाजूची जोडीची पिन काढून न्या. तीही जमत नसेल तर भोक मोजा. व्हर्निअर कॅलिपर लॅबमध्ये वापरलाय ना? तोच.

हे आकडे कामाला येतील. छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा ‘कॅटेगरी १’ ची जोडणी असते. त्यात टॉप लिंकची पिन १९ मिमी आणि खालच्या आर्मच्या पिना २२ मिमी. मोठ्या ट्रॅक्टरच्या ‘कॅटेगरी २’ मध्ये २५ आणि २८ मिमी. अगदीच लहान ट्रॅक्टर असेल तर ‘कॅटेगरी शून्य’, सुमारे १६ मिमी. शेजारच्या काकांचं मोठं अवजार आपल्या ट्रॅक्टरला लावलं की पिन भोकात खुळखुळते ती यामुळेच. तिथे तार गुंडाळायची नाही, बुश मिळतो तो घालायचा.

बोल्ट घेताना जाडी आणि लांबीबरोबर आटेही जुळायला हवेत. १० मिमीचा बोल्ट १.५ च्या आट्यातही येतो आणि १.२५ च्याही. दिसायला सारखे. म्हणून नट आधी दोन-तीन फेरे हातानं फिरवून बघा. हातानं जात नसेल तर पाना लावू नका, आटे जातील.

लेथवाल्याकडून पिन करून घेता येते. पण साध्या सळईची नको, निदान ईएन ८ स्टीलची करा म्हणून सांगा. स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकाचे बोल्ट मात्र करून घ्यायचे नाहीत. तिथे कंपनीचाच पार्ट. त्यासाठी ट्रॅक्टरच्या प्लेटवरचं मॉडेल आणि चेसिस नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

*एक डबा तुमच्या नावाचा*

या सुट्टीत एवढं कराच. झाकणाचा एक डबा घ्या. त्यात चार लॉक पिना, टॉप लिंकची एक पिन, खालच्या आर्मच्या दोन, स्प्लिट पिनांचं पाकीट, योग्य ग्रेडचे पाच शिअर बोल्ट, काही नट आणि वायसर. झाकणावर प्रत्येकाचं माप लिहा. पिनांना लाल रंग द्या, गवतात पटकन दिसतात. लॉक पिन बारीक साखळीनं ट्रॅक्टरलाच बांधून टाका.

फार तर एक सकाळ जाईल. पण ऐन वाफशात पिन पडेल तेव्हा तालुक्याला फेरी पडणार नाही आणि कुणी खिळा शोधत बसणार नाही.

आणि डबा करायच्या आधी एक काम. आज घरी गेलात तर ट्रॅक्टरच्या मागे जा, खाली वाका आणि मोजा. किती ठिकाणी पिनेच्या जागी तार आहे?