गिअरबॉक्सचं लाल तेल
सेकंडहँड ऑटोमॅटिक घेताना लोक टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. गिअरबॉक्सच्या तेलाची चौकशी क्वचितच होते. हे तेल वंगण तर करतंच, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेतं आणि आपल्या दाबाने आतले क्लच आवळतं. नवं असताना बहुधा लालभडक. काळपट झालं आणि करपट वास यायला लागला, की क्लच जळतायत असं समजा. ड्रेन बोल्ट खोलला तरी बरंचसं तेल कन्व्हर्टरमध्येच अडून राहतं, म्हणून गाडी थोडी चालवून पुन्हा बदलतात. ‘लाइफटाइम’ तेलावर माझा विश्वास नाही. लाइफ नेमकं कोणाचं? पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्सला त्याचंच तेल लागतं, नाहीतर पट्टा घसरू शकतो. आणि गाडी एएमटी असेल, तर यातलं बरंचसं विसरा: तो साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं.