दगड चढणारी गाडी

रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बटण दाबलं की ती सुसाट सुटते आणि भिंतीवर आपटून थांबते. आज मी तिच्या एका संथ बहिणीविषयी बोलणार आहे. तिला ‘रॉक क्रॉलर’ म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणं. रांगतं मूल पायरी चढताना आधी हात टेकवतं, अंदाज घेतं आणि मग गुडघा उचलतं. तशीच ही गाडी एकेक चाक दगडावर ठेवत वर जाते.

या प्रकाराचा उगम मोठ्या गाड्यांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत रुबिकॉन नावाची खडकाळ वाट आहे. १९५३ साली तिथे जीपवाल्यांचा पहिला मोठा मेळावा भरला. पुढे हौशी लोकांनी तेच दगड आणि तीच चाल छोट्या गाड्यांमध्ये आणली. आज परदेशी बनावटीची चांगली क्रॉलर घ्यायची तर चाळीस हजारांच्या घरात रक्कम मोजावी लागते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाने मोबाईलवर अशी गाडी पाहिली, किंमत वाचली आणि मला म्हणाला, “चाचा, ये अपने बस का नहीं.”

हे वाक्य आपल्याकडे मुलांना फार लवकर पाठ होतं. म्हणूनच मला या गाडीचं महत्त्व वाटतं. वेगवान गाडी बनवायला महाग सामान लागतं. दगड चढणाऱ्या गाडीला वेग नको असतो, तिला हवा असतो संथपणा. आणि संथपणा पैशापेक्षा हिशेबाने जास्त मिळतो. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए., तेही कला शाखेचं. हा हिशेब मला समजतो, म्हणजे सातवी-आठवीच्या मुलालाही समजेल.

खंबाटकी घाटात भरलेला ट्रक चढताना पाहा. ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, गाडी हळू होते, पण जोर वाढतो. दहा दात्यांचं चाक चाळीस दात्यांच्या चाकाला फिरवतं तेव्हा वेग चौपट कमी होतो आणि फिरवण्याचं बळ, म्हणजे मेकॅनिक ज्याला टॉर्क म्हणतात ते, घर्षणात जाईल तेवढं सोडलं तर चौपट वाढतं. छोटी विजेची मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, पण बोटाच्या चिमटीत धरली तरी थांबते. तिच्यापुढे गिअरची पेटी जोडून फेरे साठावर आणले की तीच मोटार बोटाला जुमानत नाही.

आता बेरीज-गुणाकार करू. चाकाचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ३१ सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे सेकंदाला एक. तासाला हे एक किलोमीटरच्या थोडंसं वर भरतं. दगडांसाठी हा वेग पुरेसा आहे. गाडीचं वजन दीड किलो आणि चढ ४५ अंशांचा असेल तर तिला वर ढकलायला साधारण एक किलो वजनाएवढा जोर लागतो. चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर, म्हणून सगळ्या चाकांना मिळून सुमारे ५ किलो-सेंटिमीटर टॉर्क हवा. पण खडकावर चारही चाकं एकदम कधीच टेकत नाहीत. कधीकधी सगळा भार एकाच चाकावर येतो. म्हणून प्रत्येक मोटार किमान पाचाची घ्यावी. दुकानात ‘१२ व्होल्ट, ६० आरपीएम, धातूच्या गिअरची मोटार’ असं सांगायचं आणि टॉर्क किती ते विचारायचं. शाळेच्या प्रकल्पांत दिसणारी पिवळ्या प्लास्टिकची मोटार स्वस्त असते, पण या वजनाला ती पुरत नाही.

अशा चार मोटारी घ्या, प्रत्येक चाकाला एक. यात आणखी एक फायदा आहे. रस्त्यावरच्या मोटारीत डिफरन्शिअल असतं. वळणावर ते उपयोगी पडतं, पण एक चाक हवेत गेलं की तेच चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं बसून राहतं. चिखलात रुतलेली जीप ज्याने ढकलली आहे त्याला हे सांगायला नको. चाकागणिक मोटार असली की हा प्रश्न राहत नाही. एकच काळजी घ्या. एका बाजूच्या दोन मोटारी समांतर जोडा, एकीमागे एक अशा नकोत. एकीमागे एक जोडल्या तर मोकळी फिरणारी मोटार बहुतेक व्होल्टेज स्वतःकडे ओढते आणि दगडाशी झगडणारी उपाशी राहते.

सांगाड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडचे उरलेले तुकडे मागा. त्याच्या दृष्टीने ते भंगारच असतं. इथे तीन दगडांची चूल आठवा. जमीन कितीही उंचसखल असो, ती डगमगत नाही. चार पायांचा पाट मात्र डुगडुगतो. मग चार चाकांची गाडी खडकावर स्थिर कशी राहणार? उत्तर शेतात उभं आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो. एक चाक ढेकळावर चढलं तर दुसरं खाली उतरतं आणि मागचा भाग सपाट राहतो. आपल्या गाडीतही पुढच्या दोन मोटारी एका आडव्या पट्टीवर बसवा आणि ती पट्टी मधोमध एका जाड बोल्टवर झुलू द्या. दोन वॉशर आणि आपोआप न सुटणारा नट, एवढ्यात काम होतं. चार चाकांची गाडी मग चुलीच्या तीन दगडांसारखी उभी राहते.

मोडक्या खेळण्याची चाकं भंगारवाल्याकडे मिळतात. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. पोकळ रबरी टायर मिळाला तर हवेऐवजी जुन्या गादीतला स्पंज भरा आणि टायरला बारीक भोक ठेवा. मऊ टायर दगडाच्या कंगोऱ्यावर दबतो आणि त्याला धरून ठेवतो.

वजन कुठे ठेवायचं, यात पैसा अजिबात लागत नाही, पण निम्मी गाडी त्यावरच चढते. चढावर भार मागच्या चाकांवर सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी उताणी पडते. म्हणून बॅटरी पुढच्या आसाजवळ आणि शक्य तितकी खाली ठेवा. पारख सोपी आहे. गाडी फळीवर आडवी उभी करा आणि फळी हळूहळू कलती करा. चाकं घसरू लागली तर खालच्या बाजूला एक पट्टी ठोका. गाडी कोणत्या कोनाला कलंडते ते कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. मग बॅटरी दोन बोटं खाली आणून पुन्हा मोजा. त्रिकोणमितीचा धडा आपोआप होऊन जाईल.

आता रिमोट. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर एक छोटी बोट तारेविना रेडिओलहरींवर चालवून दाखवली होती. आपलं बोलणं घरोघरी नेणाऱ्या लहरींच्याच कुळातलं हे काम. आज ब्लूटूथ असलेलं ईएसपी-३२ नावाचं छोटं बोर्ड चार-पाचशे रुपयांत मिळतं आणि घरातला मोबाईल हाच रिमोट होतो. मोडक्या खेळण्याचा रिमोट शक्यतो नको, कारण त्यातल्या बहुतेकांना चालू आणि बंद एवढंच कळतं. दगडावर पाव जोर, अर्धा जोर असं सांगता आलं पाहिजे. बोर्ड ते असं करतं की सेकंदाला शेकडो-हजारो वेळा वीज चालू-बंद करतं. अर्धा वेळ चालू म्हणजे साधारण अर्धा जोर. बोर्ड स्वतः मोटारीला वीज देऊ शकत नाही. मध्ये मोटार ड्रायव्हर लागतो, दोन्ही बाजूंना एकेक. मोटार अडून थांबते तेव्हा ती सर्वांत जास्त वीज खेचते, तेवढी पेलणारा ड्रायव्हर घ्या. डावी बाजू पुढे आणि उजवी मागे फिरवली की गाडी रणगाड्यासारखी वळते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल स्वस्तात मिळतात, पण ते पेट घेऊ शकतात. तीन नवे सेल, त्यांना संरक्षण देणारी पट्टी, तिला साजेसा चार्जर आणि वायरीत एक फ्यूज, एवढं हवंच. चार्जिंग मोठ्या माणसासमोर, आणि झोपताना कधीच नाही. हे सगळं धरून खर्च साधारण साडेतीन-चार हजार येतो. गावागावात भाव थोडे वेगळे असतील. ही रक्कमही काही घरांना जड आहे, हे मी जाणतो. तेव्हा चार मुलांनी मिळून एक गाडी करावी. शिकायला तेही बरं, कारण एकाला सोल्डरिंग जमतं, एकाला करवत, एकाला प्रोग्रॅम, आणि एक नुसता प्रश्न विचारतो. तोही लागतोच.

आपली सर्वांत प्रसिद्ध क्रॉलर चंद्रावर आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं आणि त्यातून २६ किलोचं प्रज्ञान बाहेर पडलं. सहा चाकं, खडकावर टेकून राहतील अशी झुलत्या दांड्यांवर बसवलेली, आणि वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. २७ ऑगस्टला समोर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला तेव्हा प्रज्ञानला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा दिली गेली आणि ते नव्या वाटेने निघालं. आपल्या अंगणातल्या गाडीलाही हेच शिकवायचं असतं. चाक अडलं की जोर वाढवायचा नाही. थोडं मागे यायचं, कोन बदलायचा आणि पुन्हा चाक ठेवायचं.

तेव्हा ज्यांच्या घरी असं एखादं मूल असेल, त्यांनी आधी एकच मोटार आणून द्यावी. तिला चाक लावा, आसाला दोरी गुंडाळा, आणि दोरीला वजन बांधून ती किती उचलते ते मोजायला सांगा. बाकीच्या तीन मोटारींसाठी पैसे साठवेपर्यंत त्याचं अर्धं शिक्षण झालेलं असेल.