म्हण आणि ऐकणाऱ्याचा कान

सन १९३५ मध्ये म्हैसूर येथील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. मराठी माणसाला आकाशवाणी म्हटली की कंस आठवतो. त्या वाणीचा बोलणारा दिसत नाही आणि त्याला उलट विचारण्याची सोयही नसते. नभोवाणीवरील वक्त्याची अडचण हीच, फक्त दुसऱ्या बाजूने. श्रोत्याच्या कपाळावरची आठी त्याला दिसत नाही, म्हणून निसटलेला शब्द सावरून घेता येत नाही. त्याचे भाषण आधी लिहिले जाते, वाचले जाते आणि पुष्कळसे खोडलेही जाते.

घरात, बाजारात व कचेरीत असे लिहून कोण बोलतो? तेथे वेळेला म्हण धावून येते. म्हण आयती असते, हा तिचा गुण आणि हाच तिचा धोका. बोलणाऱ्याच्या मनात तिचा अर्थ असतो. ऐकणाऱ्यापुढे प्रथम तिच्यातले चित्र उभे राहते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तर या व्यवहारावरच बेतलेली आहे. रोजच्या वापराने आपल्या भाषेतली चित्रे झिजून जातात. ती पुन्हा स्वच्छ दिसावीत, तर शेजारच्या भाषेच्या अंगणात जाऊन उभे राहावे लागते.

म्हैसूर हे त्याला उत्तम स्थळ. १९६९ च्या जुलैमध्ये तेथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. परराज्यांतील शिक्षकांनी दहा महिने राहून कन्नड शिकावी, अशी योजना संस्थानाने राबवली. अशा मराठी विद्यार्थ्याला आरंभी सगळे ओळखीचे वाटते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उपदेश कन्नडमध्ये जवळजवळ त्याच शब्दांत आहे. दुरून साजरे दिसणारे डोंगर तेथे दुरून नितळ दिसतात, एवढेच.

मग ठेच लागते. उघड गोष्टीविषयी मराठी माणूस म्हणतो, ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ कन्नडमध्ये म्हणतात, ‘अंगै हुण्णिगे कन्नडि बेके?’ तळहातावरच्या फोडाला आरसा हवा का? अर्थ तोच, पण मराठीत हातात कांकण आहे आणि कन्नडमध्ये फोड. कन्नड माणसाला सवयीने तो फोड दिसत नसेलही. परंतु एखाद्या मुलीच्या गुणांचे कौतुक करताना नवशिक्याने हीच म्हण योजावी का, याचा घटकाभर विचार केलेला बरा. कृतघ्नतेच्या म्हणीत उलट प्रकार आढळतो. आपण गरज सरताच वैद्याला मारून मोकळे होतो. कन्नड म्हण नदी उतरल्यावर नावाड्याचे उपकार कशाला, एवढेच विचारते. येथे आपलीच म्हण अधिक कठोर आहे, हे मान्य करावे लागते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या आपल्या म्हणीत नाचणारे माणूस अनाम आहे. तिच्या जुन्या कन्नड रूपात मात्र वेश्येसाठीचा शब्द आहे. सभ्य बोलण्यात तो गाळून नुसते ‘नाचता न येणारी’ असे म्हणतात. म्हण जुनी आहे म्हणून तिच्यातला प्रत्येक शब्द सांभाळलाच पाहिजे, असे नाही.

म्हणीत निदान चित्र तरी सावध करते. साधा शब्द तेवढीही सूचना देत नाही. समजा, म्हैसूरच्या एखाद्या बँकेत सहकाऱ्याच्या रोकडीत काही रुपये कमी भरले. नव्याने कन्नड शिकलेला मराठी कारकून त्याची बाजू सावरण्यासाठी म्हणतो, माझे ‘अनुमान’ असे की मोजणीत चूक झाली असावी. मराठीत अनुमान म्हणजे तर्क. रोजच्या कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय. वाक्य पुरे होण्यापूर्वीच सहकाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्याच्या प्रामाणिकपणाविषयी चार माणसांत संशय बोलला गेला आहे. शब्द दोघांच्याही घरचा, संस्कृतातूनच आलेला. म्हणूनच तो तपासून घ्यावा असे कोणाला सुचत नाही. कन्नडमधील एक म्हण सांगते की ज्याला जेवणे कळते त्याला रोग नाही आणि ज्याला बोलणे कळते त्याला भांडण नाही. या कारकुनाला बोलणे कळत नव्हते असे कसे म्हणावे? हेतू चांगला होता, व्याकरणही बिनचूक होते.

त्याच्या उपयोगी पडला असता तो फारशीतून दोन्ही भाषांत आलेला ‘अंदाज’. म्हैसुरात तो ‘अंदाजु’ होतो आणि त्यात कोणावर संशय नसतो.